सरकारचा सल्लागार काय लिहून देतो, हे आपल्याला का कळायला हवे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक बातमी आली. तिथल्या केंद्र सरकारच्या रोजगार खात्याने डेलॉइट या सल्लागार कंपनीकडून एक अहवाल लिहून घेतला होता आणि त्यासाठी सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले होते. बेरोजगारांच्या भत्त्यासंबंधी संगणकाद्वारे होणाऱ्या दंडात्मक कारवाईची व्यवस्था कितपत ठीक चालते, हे त्या अहवालात तपासले होते. खात्याने तो आपल्या संकेतस्थळावर टाकला. सिडनी विद्यापीठातील एका अभ्यासकाने वाचता वाचता त्यातले संदर्भ पडताळून पाहिले, तेव्हा काही ग्रंथ आणि निबंध कधी लिहिलेच गेले नव्हते, असे निघाले. न्यायालयाच्या निकालातले म्हणून दिलेले एक अवतरणही त्या निकालात नव्हते. अहवालासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरल्याचे सुधारित प्रतीत नमूद झाले आणि कंपनीने कराराचा शेवटचा हप्ता परत करण्याचे मान्य केले.

ही बातमी मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंगाने चर्चिली गेली. मला तिच्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. अहवाल खात्याने स्वीकारला होता, त्याचे पैसेही दिले जात होते. चूक सापडली ती खात्याबाहेरच्या एका वाचकाला, आणि सापडू शकली ती अहवाल त्याच्या हाती पडला म्हणून. तोच कागद नस्तीत बांधून कपाटात गेला असता, तर त्याच्या आधाराने पुढची टिप्पणी लिहिली गेली असती, त्या टिप्पणीवर निर्णय झाला असता आणि मुळातली खोट कोणाच्या लक्षातही आली नसती.

आपल्याकडे रस्ते, पाणी, शहरांचे आराखडे, संगणकीकरण, करवसुली अशा असंख्य कामांत केंद्र सरकार, राज्य सरकार आणि महापालिका खासगी सल्लागार नेमतात. हे का केले जाते, कसे केले जाते आणि त्या कामाचा जाब आपण कोणाला विचारू शकतो, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

सरकारचा पीएमसी

ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास झाला आहे किंवा होऊ घातला आहे, त्यांना हा विषय निम्मा आधीच माहीत आहे. चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत कोणी बँकेतून निवृत्त झालेले असते, कोणी शिक्षिका असते, कोणाचे औषधांचे दुकान असते. चटईक्षेत्र, टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क आणि कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारा निधी, यांचा हिशेब त्यांच्या आवाक्यातला नसतो. म्हणून सोसायटी एक पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमते. तो व्यवहार्यता अहवाल तयार करतो, निविदेचा मसुदा लिहितो, आलेल्या निविदांची तुलना करून देतो. निर्णय मात्र सर्वसाधारण सभेचा असतो.

सरकारही हेच करते. कधी ते धोरणाचा सल्ला घेते. २००३ साली ‘बॉम्बे फर्स्ट’ या उद्योजकांच्या संस्थेने मॅकिन्झी या कंपनीकडून मुंबईच्या कायापालटाचा आराखडा करून घेतला आणि राज्य सरकारने त्यावर कृतिगट नेमला. मुंबईचे शांघाय करण्याची भाषा त्याच सुमारास रूढ झाली. कधी सल्ला बांधकामाशी जोडलेला असतो: रस्त्याचा किंवा पुलाचा सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्याला सगळेच डीपीआर म्हणतात, तो बाहेरची कंपनी करते आणि पुढे कामावर देखरेखही बऱ्याचदा बाहेरचीच कंपनी करते.

तिसरा प्रकार सर्वांत कमी दिसतो आणि मला तोच सर्वांत जास्त विचार करायला लावतो. त्याला पीएमयू, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन कक्ष, म्हणतात. मोठ्या सरकारी कार्यालयांत जाणाऱ्यांनी हे दृश्य पाहिले असेल: अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर एका लांबट टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली चार-पाच तरुण मंडळी. त्यांच्या गळ्यातले ओळखपत्र कंपनीचे असते, पण सादरीकरण खात्याचे असते, पत्राचा मसुदा खात्याचा असतो, आढावा बैठकीचे इतिवृत्तही तेच लिहितात. मुले हुशार आणि कष्टाळू असतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न असा की, इथे सल्ला कुठे संपतो आणि राज्यकारभार कुठे सुरू होतो, ती रेघ पुसली जाते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार सल्लागार नेमायचा तो नेमके स्वरूप आणि ठरलेली मुदत असलेल्या विशिष्ट कामासाठी. वर्षानुवर्षे मुदतवाढ घेत चालणाऱ्या कक्षाचे काम या व्याख्येत बसवणे अवघड आहे.

फ्रान्समध्ये हाच मुद्दा ऐरणीवर आला होता. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सिनेटच्या चौकशी आयोगाने दाखवून दिले की, २०२१ या एका वर्षात सरकारचा सल्लागारांवरील खर्च १ अब्ज युरोच्या वर गेला होता आणि कोविड लसीकरणाच्या आखणीतही सल्लागार कंपनीचा हात होता. सिनेटरांना अधिक खटकले ते हे की, काही कागद सल्लागारांनी लिहिलेले असूनही त्यांवर बोधचिन्ह मात्र सरकारी खात्याचे होते. कागद कोणी लिहिला हेच कळत नसेल, तर जाब विचारण्याची सुरुवात तरी कुठून करायची?

निवड कशी होते, आणि गुणांचे वजन कोण ठरवते

सिमेंटची पोती घेताना सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून घेता येतात, कारण पोत्याचा दर्जा आधीच ठरलेला असतो. सल्ल्याचे तसे नसते. म्हणून सल्लागार निवडताना बहुधा गुणवत्ता आणि दर या दोन्हींना गुण देतात आणि त्यांची ठराविक प्रमाणात बेरीज करतात. हे प्रमाण बऱ्याचदा ७०:३० किंवा ८०:२० असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ कंपनीला तांत्रिक छाननीत ९० गुण मिळाले आणि तिने १ कोटी रुपये मागितले. ‘ब’ कंपनीला ७५ गुण मिळाले आणि तिने ६० लाख मागितले. सर्वांत कमी दर ‘ब’चा, म्हणून दरासाठी तिला १०० पैकी १०० आणि त्या हिशेबाने ‘अ’ला ६०. आता ७०:३० या प्रमाणात ‘अ’चे होतात ८१ आणि ‘ब’चे साडेब्याऐंशी, काम ‘ब’ला मिळते. प्रमाण ८०:२० केले, तर ‘अ’चे ८४ आणि ‘ब’चे ८०, काम ‘अ’ला मिळते. दोन्ही कंपन्या त्याच, कागद तेच, दर तेच, आणि निकाल उलटा. त्यामुळे हे प्रमाण कोणी, कोणत्या कारणाने आणि निविदा काढण्याआधी किती दिवस ठरवले, याची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. तांत्रिक छाननीतले ९० आणि ७५ कसे आले, ‘मागील अनुभवा’ला किती गुण आणि ‘सादरीकरणा’ला किती, हे पाहणे तर त्याहून गरजेचे, कारण सादरीकरणाचे गुण समितीच्या मर्जीवर सर्वांत जास्त अवलंबून असतात.

फीच्या रचनेकडेही लक्ष द्यायला हवे. बांधकामाच्या अनेक करारांत सल्लागाराची फी प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत असते. म्हणजे पुलाचा खर्च जितका वाढेल तितकी त्याची फी वाढणार, आणि खर्च आटोक्यात ठेवण्याचा सल्ला देण्याची जबाबदारीही त्याचीच. घर बांधणारा कोणताही माणूस असा करार करण्याआधी दोनदा विचार करील.

मुंबईचे नकाशे, २०१५

सल्लागाराच्या कामाचा जाब प्रत्यक्षात कसा विचारला जातो, याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या विकास आराखड्याचे आहे. २०१४ ते २०३४ या वीस वर्षांसाठी शहराची जमीन कशासाठी वापरायची, हे ठरवणारा हा दस्तऐवज. महापालिकेने तो करताना खासगी सल्लागार कंपनीची मदत घेतली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले आणि लोकांनी आपापल्या प्रभागाचे नकाशे उघडले.

नकाशा असा वाचला जातो: माणूस आधी स्वतःची इमारत शोधतो, मग शेजारचे मैदान, मग मुलांची शाळा, मग कोपऱ्यावरचे देऊळ किंवा चर्च. या वाचनातूनच चुका बाहेर आल्या. उभ्या इमारतींवरून रस्त्यांच्या रेघा गेल्या होत्या, वारसा यादीतल्या वास्तूंची नोंदच नव्हती, जागेचा आजचा वापर एक आणि नकाशातला रंग दुसराच, असेही प्रकार होते. वास्तुरचनाकार, नागरिकांच्या संघटना, गावठाणांतले रहिवासी, मच्छीमार अशा सर्वांनी मिळून हजारो हरकती आणि सूचना दाखल केल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हे प्रारूप बाजूला ठेवून दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आले आणि अंतिम मंजुरी मिळायला २०१८ साल उजाडले.

हे का घडू शकले? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ असे सांगतो की, विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध केलेच पाहिजे आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवल्याच पाहिजेत. महापालिकेच्या मनाच्या मोठेपणावर ते सोडलेले नाही. आता कल्पना करा की, हाच सल्लागार महापालिकेला पाणीपट्टीची नवी रचना, बससेवेतली कपात किंवा रुग्णालयांच्या खासगीकरणाचा सल्ला देत आहे. तिथे प्रारूप छापण्याची अशी सक्ती नाही. तिथल्या चुकीच्या रेघा कोणाच्या घरावरून गेल्या आहेत, हे त्या घरातल्या माणसाला कळते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो.

विसंगती तर याहून ठळक आहे. सोसायटीच्या पुनर्विकासासाठी राज्य सरकारनेच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून घेतले. त्यांत सल्लागाराची नेमणूक सर्वसाधारण सभेत करणे, त्याचा अहवाल सभासदांना पाहायला ठेवणे, त्यावर सूचना मागवणे आणि सभेचे चित्रीकरण करणे, हे सगळे आहे. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीसाठी जे सरकारला आवश्यक वाटले, ते कोट्यवधी लोकांवर परिणाम करणाऱ्या अहवालांना सरकार सरसकट लावून घेत नाही. हे मला पटत नाही, आणि कोणाला का पटावे, हेही समजत नाही.

“पण अंतिम जबाबदारी मंत्र्यांचीच ना?”

हा आक्षेप रास्त आहे आणि राज्यघटनेच्या दृष्टीने बरोबरही आहे. अनुच्छेद १६४(२) नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. सल्लागार कोणी असो, शासन निर्णयावर सही खात्याच्या सचिवाची किंवा त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची असते आणि विधानसभेत उत्तर मंत्र्याला द्यावे लागते.

अडचण येते ती चूक झाल्यावर. रस्ता खचतो किंवा त्याच्या वळणावर अपघात होत राहतात, तेव्हा अधिकारी म्हणतो, डीपीआर तज्ज्ञ कंपनीने केला होता. कंपनी म्हणते, आम्ही पर्याय दिले, निवड खात्याने केली आणि अहवाल मंजूरही खात्यानेच केला. मंत्रीही सल्लागाराकडे बोट दाखवू शकतो; केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सदोष प्रकल्प अहवालांबद्दल सल्लागारांना जाहीर कार्यक्रमांत अनेकदा खडे बोल सुनावले आहेत. त्यांचे म्हणणे खरे असेलही, पण ते अहवाल स्वीकारले कोणी, हा प्रश्न त्यामागोमाग यायलाच हवा.

सरकारी अधिकाऱ्याला जाब विचारण्याच्या वाटा, कितीही खडतर असल्या तरी, आखून दिलेल्या आहेत: वर्तणूक नियम, विभागीय चौकशी, निलंबन, लोकलेखा समितीपुढची साक्ष. सल्लागाराचा संबंध फक्त कराराशी असतो. काम वाईट झाले तर हप्ता अडवणे, दंड लावणे, काळ्या यादीत टाकणे, एवढीच हत्यारे सरकारच्या हाती राहतात, आणि अनेक करारांत भरपाईची रक्कम फीच्या मर्यादेतच अडकवलेली असते. एखाद्या अहवालाने शेकडो कोटींचा प्रकल्प चुकीच्या जागी नेला, तरी कंपनीचे नुकसान फार तर तिच्या फीएवढे. शिवाय दोन वर्षांनी ती मंडळी दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या कामावर गेलेली असतात.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करतात आणि त्यांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात, हा मोठाच आधार आहे. पण कॅगची तपासणी बहुधा पैसा खर्च होऊन गेल्यावर होते, आणि ज्या सल्ल्यामुळे एखादी गोष्ट केलीच गेली नाही, त्याचा माग लेख्यांतून काढणे कठीण असते.

एक माणूस, दोन पक्षकार

सल्लागारांच्या बाबतीत सर्वांत गंभीर धोका म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष. एकाच माणसाने किंवा कंपनीने अशा दोघांसाठी काम करणे, ज्यांचे हित एकमेकांच्या आड येते, असा त्याचा साधा अर्थ. भावाभावांच्या वाटणीत दोन्ही भावांनी एकच वकील केला आणि त्याने एकाची कागदपत्रे दुसऱ्याला दाखवली, तर काय होईल, हे सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात जवळपास तेच घडले. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करचुकवेगिरीला आळा घालणारा कायदा तिथले अर्थखाते तयार करत होते आणि त्यासाठी पीडब्ल्यूसी या कंपनीच्या एका भागीदाराचा सल्ला घेत होते. त्याने गोपनीयतेच्या करारांवर सह्या केल्या होत्या. तरीही ती माहिती कंपनीत फिरली आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यातून वाट कशी काढायची, हे मोठ्या ग्राहकांना विकण्यासाठी वापरली गेली. हे लोकांना कळले ते जानेवारी २०२३ मध्ये, एका वृत्तपत्रामुळे. मे २०२३ मध्ये सिनेटने कंपनीतल्या ईमेलची १४४ पाने प्रसिद्ध केली, प्रमुखाला पद सोडावे लागले आणि पुढे सरकारी सल्ल्याचा संपूर्ण व्यवसाय कंपनीने अवघ्या १ डॉलरला विकून टाकला. मे २०२३ मध्येच सरकारने केलेली एक मोजणीही जाहीर झाली: २०२१-२२ या वर्षात बाहेरच्या मनुष्यबळावर, म्हणजे सल्लागार आणि कंत्राटी मंडळी मिळून, २०.८ अब्ज डॉलर खर्च झाले होते, आणि ते सुमारे ५४ हजार पूर्णवेळ कर्मचाऱ्यांच्या कामाएवढे होते.

दक्षिण आफ्रिकेची कहाणी याहून विषण्ण करणारी आहे. जगातल्या कार्यक्षम करवसुली संस्थांत गणली जाणारी तिथली महसूल सेवा ‘सुधारण्या’चे काम बेन अँड कंपनी या सल्लागार कंपनीला मिळाले. न्यायमूर्ती नुजेंट यांच्या २०१८ मधल्या चौकशीत उघड झाले की, कंपनीचे स्थानिक प्रमुख काम मिळण्याच्या आधीपासून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना भेटत होते. बड्या करदात्यांवर लक्ष ठेवणारा विभाग या पुनर्रचनेत मोडीत निघाला. कंपनीने पुढे फी व्याजासह परत केली, पण वर्षानुवर्षे घडवलेली अनुभवी माणसे परत येत नाहीत.

कोकणातल्या वाचकांना एन्रॉन आठवत असेल, गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प उभारणारी कंपनी. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही कंपनीच तिला सल्लाही विकत होती: २००० या वर्षात लेखापरीक्षणाचे २ कोटी ५० लाख डॉलर आणि इतर सेवांचे २ कोटी ७० लाख. ज्याच्याकडून सल्ल्याचे जास्त पैसे मिळतात, त्याच्या वह्यांतल्या चुका दाखवायला हात धजावत नाही. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४४ ने लेखापरीक्षकाला त्याच कंपनीसाठी अशा ठराविक सेवा देण्यास मनाई केली आहे. पण एखादी सल्लागार कंपनी सकाळी खात्याला धोरण लिहून देते आणि दुपारी त्याच धोरणाने ज्यांचा फायदा-तोटा होणार, अशा उद्योगाला सल्ला देते, हा प्रश्न या कलमाने सुटत नाही. निविदेच्या अटींत हितसंबंध जाहीर करण्याचे कलम असते. त्याखाली कंपनीने काय जाहीर केले, ते पान लोकांच्या नजरेस क्वचितच पडते.

“सरकारकडे तज्ज्ञच नसतील, तर काय करायचे?”

तर बाहेरून आणावेत. मी सल्लागारांच्या विरोधात नाही. भूमिगत मेट्रोचा बोगदा खोदण्याचे ज्ञान प्रत्येक महापालिकेने घरात बाळगावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या कर्जाने चालणाऱ्या प्रकल्पांत तर सल्लागार नेमणे हा बऱ्याचदा कराराचाच भाग असतो.

मात्र ‘नाहीत’ आणि ‘ठेवले नाहीत’ यांत फरक आहे. कोयनेचे धरण ज्या राज्याने बांधले, त्याच्याकडे धरणांचे संकल्पन करणारी स्वतःची संघटना नाशिकमध्ये होती आणि आहे. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थाही तिथेच आहे. पदे रिक्त ठेवायची, तरुण अभियंत्यांना संकल्पनाच्या कामापासून दूर ठेवायचे आणि दहा वर्षांनी ‘आमच्याकडे क्षमता नाही’ म्हणून सल्लागार नेमायचा, हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नाही. शेवटी अशी वेळ येते की, सल्लागाराने आणलेला अहवाल बरोबर आहे की चूक, हे ओळखणारा माणूसही खात्यात उरत नाही, आणि मग तो तपासायला दुसरा सल्लागार नेमावा लागतो.

बाहेरचे ज्ञान आत आणण्याची दुसरी रीतही महाराष्ट्राने पाहिली आहे. मुंबईच्या समोर खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये मांडली. तिघेही सरकारबाहेरचे व्यावसायिक. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले आणि पटेल यांनी नियोजनाची धुरा घेतली. कल्पना आधी सर्वांदेखत मांडली गेली होती, आणि ती राबवताना त्यांची नावे पदासह सगळ्यांना ठाऊक होती. नवी मुंबईत काय साधले आणि काय फसले, यावर वाद घालता येतो, तो त्यामुळेच.

“खासगी कंपनीची गुपिते कशी देणार?”

माहिती अधिकारात सल्लागाराचा अहवाल मागितला की, हे उत्तर हमखास येते. त्याचा आधार म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ८(१)(घ): वाणिज्यिक विश्वास, व्यापारी गुपिते आणि बौद्धिक संपदा यांना त्यात संरक्षण आहे. पण तेच कलम पुढे म्हणते की, व्यापक सार्वजनिक हितासाठी आवश्यक असेल, तर अशी माहितीही देता येते. ‘माहिती’च्या व्याख्येत, म्हणजे कलम २(च) मध्ये, अहवाल, अभिप्राय, सल्ला आणि करार ही नावे स्पष्टपणे आहेत. म्हणजे सरकारने पैसे देऊन घेतलेला सल्ला हा मुळात मागण्याजोगा दस्तऐवज आहे. नकार हा अपवाद आहे आणि तो का, हे सांगण्याचा भार कार्यालयावर आहे.

कंपनी गोपनीय मानत असलेली माहिती द्यायची असेल, तर कलम ११ खाली जन माहिती अधिकाऱ्याने तिला ५ दिवसांत कळवायचे आणि तिने १० दिवसांत म्हणणे मांडायचे. तिचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते. पण ती ‘नाही’ म्हणाली की विषय संपला, असे कायदा म्हणत नाही. आणि अहवालातली दहा पाने खरोखरच गुपित असतील, तर कलम १० प्रमाणे तेवढी झाकून उरलेली देता येतात.

आणखी एक भीती व्यक्त केली जाते: अहवाल बाहेर जाणार म्हटले, की सल्लागार मोकळेपणाने लिहिणार नाहीत. निर्णय होण्याआधीच्या कच्च्या मसुद्यांपुरते मी हे मान्य करीन. निर्णय झाल्यावर मात्र ज्या कागदाच्या आधाराने तो झाला, तो लपवण्याचे हे कारण होऊ शकत नाही. याच कायद्याचे कलम ४(१)(ग) सरकारला सांगते की, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना त्यांसंबंधीची सर्व वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करा. हे कलम मनापासून पाळले, तर अर्ज करण्याची वेळच येणार नाही.

तोवर अर्ज करावा लागेल. महाराष्ट्रात त्याचे शुल्क १० रुपये आहे, एका अर्जात एकच विषय घेता येतो आणि शब्दमर्यादा १५० आहे. त्यामुळे ‘सल्लागाराची संपूर्ण माहिती द्यावी’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कागदांची नावे घ्यावीत. तुमच्या महापालिकेत किंवा खात्यात एखादा सल्लागार नेमल्याचे वाचनात आले, तर असे लिहिता येईल:

“अमुक कामासाठी नेमलेल्या सल्लागाराबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: (१) नेमणुकीची गरज मांडणारी मूळ टिप्पणी; (२) कार्यकक्षा आणि कार्यादेश, मुदतवाढीच्या आदेशांसह; (३) तांत्रिक आणि आर्थिक मूल्यमापनाचा गुणतक्ता; (४) सल्लागाराने दिलेले हितसंबंधांचे घोषणापत्र; (५) आजवर अदा केलेल्या देयकांचा तपशील; (६) सादर झालेला अंतिम अहवाल; (७) तो अहवाल स्वीकारताना, बदलताना किंवा फेटाळताना विभागाने लिहिलेल्या टिप्पण्यांची पाने. कोणताही भाग देता येत नसल्यास तेवढा वगळून उर्वरित भाग कलम १० नुसार द्यावा.”

उत्तर ३० दिवसांत यायला हवे, आणि कंपनीचे म्हणणे ऐकायचे असेल तर ४० दिवसांत. सातपैकी सहा कागद मिळाले आणि सातवा मिळाला नाही, तर प्रथम अपील त्या सातव्यासाठी जरूर करावे. अहवाल वाचून खात्याने स्वतः काय विचार केला, हे फक्त त्याच पानांवर असते.